तिरके काप

शिंपीकाका दारातूनच हसले, तेव्हा ताई दचकली. एमआरआयच्या यंत्रावर चौदा वर्षं काढलेली बाई ती, हसणाऱ्या रुग्णाला घाबरणारी नव्हे. पण हातातल्या कागदावर काकांच्या नावापुढे ‘यकृत’ लिहिलेलं होतं, आणि अकरा महिन्यांपूर्वी हेच काका इथे गुदाशयाच्या गाठीसाठी आले होते.

“ह्याच त्या,” काका बायकोला म्हणाले. “ह्यांनीच मला त्या नळकांड्यातून लवकर सोडवलं. म्हटलं, आजही ताईच हव्यात.”

काकूंनी ताईचे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार कसे फेडायचे हो!”

ताईला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले.

त्या दिवशी काका पस्तीस मिनिटं बोगद्यात होते. बंद जागेची त्यांना मुळातच धास्ती. मदतीला बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा त्यांनी तीनदा दाबला, आणि तिसऱ्यांदा ते चक्क रडत होते. “पुरे करा, ताई. आई शप्पथ, मरेन मी इथे.” चित्रांचे सरळ काप सगळे झाले होते, राहिले होते फक्त तिरके. गाठ आतड्याला जिथे चिकटलेली असते, तिथे तिला बरोबर आडवे छेदणारे, बारीक. शेजारची शीर मोकळी आहे की गाठ तिच्यात शिरून पुढे यकृताकडे निघालीय, हे त्यांतच नीट कळतं. सहा मिनिटांचं काम. बाहेर नऊ जण ताटकळले होते. दया म्हणावी तर ती दया होतीच, पण तिच्यात घाईचं पाणी बरंच होतं. “झालंच, काका,” म्हणत ताईने त्यांना बाहेर काढलं.

इथवरही चाललं असतं. पण ‘तिरके काप राहिले’ असं कागदावर लिहायला हवं होतं, ते तिने लिहिलं नाही. लिहिलं असतं तर काकांना पुन्हा बोलवावं लागलं असतं, आणि तिलाही चार शब्द ऐकावे लागले असते. अहवाल गेला, ‘रक्तवाहिन्या मोकळ्या’. आधी औषधं, किरणं वगैरे काही न देता थेट शस्त्रक्रिया झाली.

आज ताईने सांगितलं तेव्हा काकांनी श्वास धरला, सांगितलं तेव्हा सोडला. फुग्याला हातसुद्धा लावला नाही.

अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावरची चित्रं पुढेमागे सरकवून पाहिली. “यकृतात चार डाग आहेत,” ते म्हणाले. मग त्यांनी जुनी तपासणी उघडली. “तिरके कुठायत गं? आणि ही शीर बघ, सरळ कापातही जाड वाटतेय. मलाही तेव्हा दिसायला हवी होती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “रुग्ण तेव्हा स्थिर राहिला नाही, असं अहवालात टाकू. हलला असणार.”

किती सोपं होतं! काकांच्या माथी खापर फुटलं असतं, आणि फोडणाऱ्याचे आभार मानून काका घरी गेले असते.

“हलले नव्हते ते,” ताई म्हणाली. “हुंदके देत होते, पण हलले नव्हते. मी सोडलं त्यांना. आणि लिहिलं नाही.”

डॉक्टरांनी चष्मा घातला. “काप असते तर कदाचित आधी औषधं दिली असती. तरीही डाग आले असते की नसते, कोण छातीठोकपणे सांगणार?”

“मला सांगायचंय त्यांना.”

“चल,” ते उठत म्हणाले. “माझंही सांगायचं राहिलंय.”

कोपऱ्यातल्या खोलीत डॉक्टरांनी डाग सांगितले, आपली चूक सांगितली. मग ताईने आपली सांगितली. तिने एक शब्द गाळला नाही. काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या, बोट पांढरं पडेपर्यंत.

काकांनी टेबलावर बोटाने एक सरळ रेघ ओढली, मग तिच्यावरून एक तिरकी. “म्हणजे आमच्या शिवणातला उरेब, तिरका काप,” ते म्हणाले. “बरोबर आहे. उरेब धरल्याशिवाय कापडाचा ताण कळत नाही.”

बोट त्या तिरक्या रेघेवरच ठेवून त्यांनी विचारलं:

“किती वेळ राहिला होता?”

“सहा मिनिटं.”

“सहाच?” काकांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर ताईला बरं वाटलं असतं. “अहो, मला वाटलं, अजून तासभर आहे. सहा आहेत म्हणून सांगायचं ना, ताई. मी मोजत पडून राहिलो असतो.”