हालबेर्ग आणि सुंड यांचा लेख

[१] हाउताला, साना. तिसऱ्यांदा परत आलेला लेख. ओउलू, मे महिना.

लेखात चूक नव्हती. आकडे ठीक, निष्कर्ष ठीक, परीक्षकसुद्धा बरं बोलले होते. गाडं अडलं होतं शेवटच्या संदर्भयादीवर. पहिल्यांदा नियतकालिकाने कळवलं, लेखकांच्या आडनावांनंतर स्वल्पविराम नको. सानाने सगळे काढले. दुसऱ्यांदा कळवलं, नियतकालिकांची नावं आखूड नकोत, पूर्ण हवीत. तिने ती ताणून लांब केली. आणि आता तिसऱ्यांदा: 'संदर्भ ४ ला कायमचा ओळख क्रमांक (डीओआय) नाही. तो द्यावा, किंवा मूळ लेखाची प्रत जोडावी.'

जूनमधल्या विद्याशाखेच्या बैठकीआधी लेख स्वीकारला गेला, तरच प्रबंध पुढे सरकणार होता. शिष्यवृत्ती जूनअखेर संपत होती. नंतर ना हे टेबल, ना इमारतीच्या दाराची किल्ली. सहा वर्षं गुडघाभर दलदलीत उभं राहून शेवाळ मोजलं, आणि आता सगळं एका ओळीच्या शेपटीला लटकलं होतं.

[२] ओत्सो. शेजारच्या टेबलावरून.

"परत आला?"

"आला."

"या खेपेला काय? पूर्णविराम जाड झाला?"

"चौथा संदर्भ. प्रत मागतायत."

"हालबेर्ग आणि सुंड?" ओत्सोने खुर्ची फिरवली. "अगं, ते तर आपल्या धंद्यातले आजोबा. मीही दिलेत ना माझ्या लेखात."

"मग तुझ्याकडे प्रत असेल."

"माझ्याकडे?" तो हसला. "मी तुझ्या मार्गदर्शकाच्या, पेन्त्तीच्या लेखातून उचललं. तू कुठून घेतलंस?"

साना पडद्याकडे वळली. तिनेही तिथूनच उचललं होतं.

"डॉक्टर झालीस की पदवीदानात प्रथेप्रमाणे तलवार मिळेल ना," ओत्सो म्हणाला, "ती घे आणि सरळ संपादकाच्या घरी जा."

"आधी होऊ तर दे, बाबा."

[३] ग्रंथालय, तळघर. बांधीव अंक.

'खोदलेल्या दलदलीवर शेवाळ पुन्हा पूर्ण धरायला तीस वर्षं लागतात.' सगळे असंच लिहितात, आणि पुढे कंसात हालबेर्ग आणि सुंड, १९७१, तिसरा खंड, पान ४१ ते ५८. सानाने त्या जुन्या नियतकालिकाचा तिसरा खंड काढला. पान ४१ वर शेतातल्या चरांच्या उतारावर लेख होता, तो ५८ पर्यंत चालला होता आणि लिहिणारा कुणी तिसराच होता. तिला वाटलं, खंड चुकला असेल. दुसरा पाहिला, चौथा पाहिला. लेखकसूची पाहिली. हालबेर्ग नाही. सुंड नाही. धुळीने शिंका आल्या, तेवढीच मिळकत.

उठता उठता तिने एका खंडाचं शेवटचं पान उलटलं. लेखकांसाठी सूचना. हाताने लिहिलेलं हस्तलिखित चालणार नाही, आकृत्या काळ्या शाईत काढाव्यात, आणि संदर्भ पुढील नमुन्याप्रमाणे द्यावा:

[४] हालबेर्ग, ए. आणि सुंड, टी. १९७१. शेवाळ आणि काळ. खंड ३, पाने ४१–५८.

नमुना. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे दाखवायला कुणीतरी संपादकाने बसल्या बसल्या रचलेली ओळ. दोन माणसं, जी जन्मलीच नाहीत. एक लेख, जो कुणी लिहिलाच नाही. सहज म्हणून सानाने फोनवर शोधलं. त्यांना आधार मानणारे लेख एका पानावर मावत नव्हते. सर्वांत जुना पेन्त्तीचा. सर्वांत ताज्यांपैकी एक तिचा स्वतःचा, प्रबंधातला पहिला, कधीच छापून झालेला.

तळघरातले दिवे आपोआप विझतात. ती हलली नाही म्हणून तेही विझले.

[५] रुओकोनेन, पेन्त्ती. प्राध्यापक, मार्गदर्शक, या लेखाचा दुसरा लेखक.

"पेन्त्ती, हालबेर्ग आणि सुंड तू वाचलायस?"

"अगं, तो तर सगळ्यांनीच..."

"तू वाचलायस का?"

पेन्त्तीने कप खाली ठेवला. दार उघडं होतं. तो उठून ते लावून आला.

"कुठे सापडलं तुला?"

"सूचनांच्या पानावर."

"हं." तो परत खुर्चीत बसला. "मीही असाच अडकलो होतो. तीस वर्षं हा आकडा मी कुठेतरी वाचला होता, पण कुठे ते काही केल्या आठवेना. छापखान्याची तारीख आली. म्हटलं, तूर्त नमुन्याचीच ओळ ठेवू, जागा धरायला. उद्या खरी घालू."

"मग?"

"उद्या मुलगी झाली. दवाखान्यातून परत येतो तर लेख छापायला गेलेला."

"दुरुस्ती पाठवायची होतीस."

"पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी एका स्वीडिश माणसाने त्यांचा हवाला दिला. मग जर्मनांनी. मग मीच दिला नसता, तर लोकांनी विचारलं असतं, तू का नाही दिलास?"

"आणि आकडा? तो तरी खरा आहे?"

"असावा," पेन्त्ती म्हणाला. "आता इतक्या जणांनी लिहिलाय."

सानाला ओरडावंसं वाटलं. पण तिच्या पहिल्या लेखातही तीच ओळ होती, आणि तो लेख प्रबंधात होता.

"मी काढतेय," ती म्हणाली.

"काढ," पेन्त्ती म्हणाला. इतक्या चटकन, की तिला बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली.

[६, आता ५] काढून टाकलेला संदर्भ.

चौथा गेला की पाचवा चौथा होतो, सहावा पाचवा. सॉफ्टवेअरने एका क्षणात अख्खी यादी वर सरकवली आणि भोक बुजलं. कुणी कधी तिथे होतं असं वाटेना. वाक्य तिने मऊ केलं: 'बरीच वर्षं लागत असावीत.' दोघा लेखकांनी आपापल्या खोलीतून मंजुरीचं बटण दाबलं, तरच लेख पुढे जातो. गेला.

त्या दिवशी साना कॉफीच्या खोलीत दालचिनीचा पाव खात चक्क हसली. ओत्सो म्हणाला, "कुणी मेलं का?"

"दोघं," साना म्हणाली.

[७, आता ६] परीक्षक क्रमांक दोन. नाव गुप्त.

'लेखकांनी हालबेर्ग आणि सुंड यांचं पायाभूत काम अचानक गाळलं, याचं आश्चर्य वाटतं. त्यांच्याविना हे वाक्य उघडं पडतं. संदर्भ परत घालावा.'

सानाने साधं, सरळ उत्तर लिहिलं. आम्हाला हा लेख कुठेही मिळाला नाही. परीक्षकांकडे प्रत असल्यास कृपया पाठवावी.

'तो लेख मुळात आहे की नाही, याची आम्हाला शंका आहे' हे वाक्य तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते ठेवलं तर पुढचा प्रश्न तिच्या पहिल्या लेखाबद्दल येणार होता. खोडलं.

परीक्षकाचं उत्तर आलं. 'विद्यार्थी असताना मी तो वाचला आहे. उत्तम काम. प्रत घर बदलताना हरवली.'

खाली संपादकाची भर: 'परीक्षकांनी स्वतः वाचल्याचं कळवल्यामुळे प्रतीची अट या संदर्भापुरती शिथिल करत आहोत. नोंद परत घातल्यास लेख आजच स्वीकारता येईल.'

साना वाचत राहिली. आतापर्यंत प्रत्येक दार बंद होतं, तेव्हा ढकलता तरी येत होतं. आता सगळी सताड उघडी होती, आणि सगळी एकाच खोलीत जात होती.

तिने भिंतीवर टकटक केली. पलीकडे पेन्त्ती होता.

"वाचलंस?"

"वाचलं," भिंतीतून आवाज आला.

"काय करू?"

"पहिलं नाव तुझं आहे, साना."

[४] हालबेर्ग, ए. आणि सुंड, टी. १९७१.

यादी एकेक पायरी खाली सरकली. पाचवा पुन्हा पाचवा झाला. पडद्यावर एक चौकोन होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: सर्व संदर्भ मी स्वतः तपासले आहेत. तिने खूण केली. बोट अडलं नाही, याचंच तिला नंतर वाईट वाटत राहिलं.

पेन्त्तीची मंजुरी लगेच आली, बटणावर बोट ठेवूनच बसल्यासारखी.

मग तो दारात आला. कोट हातावर, दुसरा हात पुढे. ओत्सो टाळ्या वाजवत होता. "तलवार पक्की!"

सानाने हात मिळवला. पेन्त्तीची पकड जरा जास्तच वेळ टिकली.

"पुढच्या लेखातही त्यांना घ्यावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"हो."

"आणि त्याच्या पुढच्या."

पेन्त्तीने कोट अंगात घातला, एकेक बटण लावलं. कित्येक वर्षांनी पाठीवरचं ओझं उतरल्यासारखा तो ताठ दिसत होता.

"मी सप्टेंबरात निवृत्त होतोय," तो म्हणाला.