पुसलेले चार पाडे

मी टेप ड्राइव्ह. बऱ्याच लोकांना नुसत्या नावावरून कळत नाही, म्हणून सांगतो. कपाटाएवढं यंत्र, छातीवर दोन मोठी चाकं आणि त्यांवरून फिरणारी तपकिरी फीत. संगणकाने दिलेला मजकूर फितीवर उतरवायचा आणि मागितला की वाचून द्यायचा, एवढंच मला येतं.

१९८४ साली मला नाशिकच्या एका सर्वेक्षण कार्यालयात आणलं. इगतपुरीकडे धरण होत होतं. त्यात बुडणाऱ्या पाच पाड्यांतली घरं, माणसं, विहिरी, झाडं यांची यादी इथे ठेवायची होती. यादीत नाव असेल त्यालाच दुसरीकडे जमीन मिळणार होती.

माझी काळजी वाल्मीक गांगुर्डे घ्यायचे. नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीतले, तिशीतले, कमी बोलणारे. पाड्यांवर चिखल तुडवत जाऊन त्यांनी स्वतः फॉर्म भरून आणले होते. रोज सकाळी ते माझा लिहिणारा भाग कापसाने पुसायचे, स्वतःचा चष्मा पुसावा तसे.

मला चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. शिपाई कोंडाजीने एकदा विचारलं होतं, "भाऊसाहेब, याचा ड्रायव्हर कधी दिसत नाही तो?" कोणी वेगळं सांगितलं नाही तर मी कसं वागायचं, हे त्या ड्रायव्हरमध्ये आधीच ठरवलेलं असतं. सुरुवातीला ठरलं होतं, की काम संपलं की फीत आहे तिथेच थांबवायची. पण बाकीचे लोक ती गुंडाळायला विसरायचे आणि तशीच ओढून काढायचे. एकदा हातभर फीत चुरगळली. वाल्मीकांना ते बघवलं नाही. त्यांनी तो नियम बदलला. काम संपलं की फीत आपोआप गुंडाळून सुरुवातीला आणायची.

माझ्या भल्यासाठीच केलं त्यांनी.

८६च्या मे महिन्यात याद्या फितीवर घ्यायचा दिवस आला. त्यासाठीचा प्रोग्राम वाल्मीकांनी या बदलाच्या आधी लिहिलेला होता. एक पाडा संपला, की फीत जिथे थांबेल तिथून पुढे दुसरा. त्यांना ते आठवलं नाही.

पहिला पाडा मी लिहिला. काम संपलं. सांगितल्याप्रमाणे फीत सुरुवातीला आणली. दुसरा पाडा आला, तो पहिल्यावरच उतरला. मला ते कळत होतं. नावांवर नावं चढत होती आणि खालची मरत होती. थांबणं माझ्या हातात नव्हतं. पाचही वेळा पडद्यावर 'काम पूर्ण' असं आलं.

वाल्मीकांनी फितीवरची पहिली काही नावं वाचून पाहिली. पाचही पाड्यांत आडनावं तीच चार-पाच. पाचवाच पाडा समोर आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. संगणकात जागा कमी म्हणून त्यांनी तिथल्या याद्या पुसल्या. साहेब म्हणाले, "सगळं टेपवर आलंय ना? मग ती कपाटं मोकळी करा." फॉर्म रद्दीत गेले.

त्या पावसाळ्यात धरण भरलं.

दिवाळीनंतर पहिल्या पाड्यावरच्या धोंडाबाई आगिवले आल्या. दारातच म्हणाल्या, "माझं नाव नाय म्हणत्यात. तूच लिव्हलं व्हतं ना घरी यून?"

"आहे, मावशी. बसा, दाखवतो."

वाल्मीकांनी फीत चढवली. एकदा, दोनदा, पाचदा वाचायला लावली. मी तोच एक पाडा देत राहिलो.

"मावशी, नाव होतं. माझ्या हातून पुसलं गेलं."

"मंग परत लिव्ह. मी सांगते."

"आता घर दाखवावं लागेल. तिथं पाणी आहे."

"पाण्याखाली हाय. पर हाय ना?"

वाल्मीकांनी चूक कबूल करणारा अर्ज लिहिला. साहेबांनी तो वाचून परत त्यांच्यासमोर ठेवला. "गांगुर्डे, यंत्र बिघडलं असं लिहा. त्याला पोरंबाळं नाहीत." वाल्मीकांना दोन मुली होत्या. शेवटी त्यांनी तसं लिहिलं.

मग दर रविवारी ते घोटी, इगतपुरीकडे जाऊन पांगलेली माणसं शोधायचे, वहीत नावं उतरवायचे. ती वही त्यांनी वरच्या कार्यालयात पाठवली. वर्षभराने ती परत आली. हाताने लिहिलेली नावं पुरावा धरता येणार नाहीत, असा शेरा होता. धोंडाबाई तोवर घोटीला भाचीच्या पडवीत वारल्या होत्या. वाल्मीकांनी बदली मागून घेतली. जाताना ते माझ्याकडे आले नाहीत.

आता १९८९ चाललंय. मी मागच्या शेडमध्ये आहे, अंगावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी. मी तेव्हाही नादुरुस्त नव्हतो. भंगारवाले येण्याआधी एवढं कोणीतरी ऐकून घ्या. त्या चार पाड्यांतलं कोणी तुमच्या दारात येऊन 'माझं नाव होतं' म्हणालं, तर त्याला कागद मागू नका. नाव होतं. मी ते लिहिलं होतं.