पत्रूबाबाची थाळी आणि दोन चिंचोके

थाळी खाली पडली आणि अख्खं गाव ओरडलं, "उतरलं! जहर उतरलं!"

साप चावलेला लालसू खरंच उठून बसला. विष ओढून घ्यायला त्याच्या पाठीला चिकटवलेली काशाची थाळी उचलून पत्रूबाबाने गर्दीला दाखवली. "यमाले म्हनलं, चाल हट! माह्या हातचा कोणीच मरत नाई. मेला त घरच्याच्या पापानं!"

संघप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी तिची नीलामावशी मान खाली घालून बसली होती. मावशीचा मुलगा विक्की पोरवयात साप चावून याच थाळीखाली मेला. आई रडली म्हणून मंत्र तुटला, असं बाबाने ठोकून दिलं. तेव्हापासून गावातल्या बाया मावशीच्या कडेवर मूल देत नव्हत्या.

संघप्रिया नागपुरात संभाव्यतेवर संशोधन करायची. बाई गणिताची, पण बैठक डॉक्टरांबरोबर. साप चावलेले किती जण आपसूक बरे होतात, हाच तिचा अभ्यास. मागच्या खेपेला तिने गावाला फळ्यावर सूत्रं लिहून दाखवली होती. लोक जांभया देत घरी गेले.

"कोणता साप होता, बाबा?" आज तिने विचारलं.

"सापाचं काय आधारकार्ड रायते?" गर्दी खो खो हसली.

काय करावं या लोकांचं! ओट्यावर पोरांचा खेळ पडला होता, मधोमध फोडलेले चिंचोके; एक बाजू काळी, एक पांढरी. तिने प्रत्येकाच्या हातात दोन दोन कोंबले. "मी मंत्र मारते, तुमी फेका. एक जरी पांढरा पडला त मी वाचवलं. दोन्ही काळे, त तुमचं पाप!"

बहुतेक जण वाचले. म्हातारी सोमारीबाईचे मात्र दोन्ही काळे पडले, ती भडकली. "माहं कोणतं पाप वो? चिंचोका हाये, कसाबी पडन!"

"हेच त बोंबलून राह्यली ना मी! इथल्या बहुतेक सापांले विषच नाई. विषारी सापबी दर वेळेस विष सोडत नाई. ते लोक थाळीबिगरबी वाचतेत, नाव बाबाचं होते. अन् थाळी त कोणाच्याबी ओल्या पाठीले चिकटते, पाठ सुकली का पडते. ज्याले खरं विष भिनलं तो मरते, मंग बाबा पाप काढते!"

बाबा थाळी काखेत मारून उठला. लालसूच्या घरच्यांनी तरीही त्याच्या हातात कोंबडी दिलीच. संघप्रियाला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात मावशीने विचारलं, "मंग माह्या रडण्यानं नाई गेला विक्की?"

"नाई, मावशी."

"दवाखान्यात वाचला असता?"

संघप्रियाला खोटं बोलता येईना. "खात्री नाई देत. पण वाचायची आशा लय जास्त होती."

मावशी उठून गर्दीकडे वळली.

"आईकलं ना? साप चावला त आधी गोंडपिपरीच्या दवाखान्यात न्या. रडत न्या, बोंबलत न्या. पण न्या."