चार भोकांचं बटण

कोणाला सांगून खरं वाटणार नाही, पण त्या बटणाला चार डोळे होते आणि चारही ते हातात धरलेल्या म्हाताऱ्यावरच रोखलेले. तळहातावरच्या काळ्या, चिकट पाण्यात ते दुधाच्या दातासारखं चमकत होतं — डोळ्यांत खाकी दोऱ्याचं काजळ, पाठीला शर्टाची चिंधी. एकोणीस दिवस खताच्या निळ्या ड्रमाच्या पोटात कुजायला ठेवलेलं, आणि चिंधीचा रंगसुद्धा उतरला नव्हता.

बाकी ड्रम मात्र... नाक दाबून तो पुन्हा वाकला. सालं, देठं, पाला, सगळ्याचा मिळून एक लगदा, आणि त्यावर पांढऱ्या अळ्यांची निवांत वर्दळ, जणू त्यांना कोणी वरच्या पगारावर नेमलं होतं.

ड्रम त्याने स्वतःच्या हाताने केला होता. सळई गॅसवर लाल करून भोकं पाडली, खाली दोन विटा दिल्या, झाकणाला कडी लावली. आणि खिडकीतल्या खाटेवरून ताई एकेक सूचना सोडत होती — बुडालाही भोकं पाड, ओल्याचा एक थर तर सुक्याचे दोन, आणि घाई करू नकोस बाळ्या, घाई तुला शाळेतसुद्धा जमली नाही. एकोणसत्तराव्या वर्षी त्याला बाळ्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

शर्ट तिनेच दिला होता. चाळीस वर्षं तो घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडला तो तिने शिवलेल्या शर्टांत. अख्ख्या गल्लीचे कपडे तिच्या मशीनखालून जायचे. त्याच्या त्या शर्टांतला शेवटचा तिने ड्रमासाठी टराटरा फाडला.

"अगं, बटणं तरी काढ."

"राहू देत. सुती कापड कुजतं. बटणं सुटी निघाली की समजायचं खत झालं. मग मी नसले तरी माझ्या कुंड्यांची काळजी मिटली. मग जाते मी तुझ्या डॉक्टरकडे, कापू दे काय कापायचं ते."

डॉक्टरांनी ताईच्या ऑपरेशनला सोमवार दिला होता. पोटातली गाठ लिंबाएवढी झालीय, म्हणाले, या महिन्यापुढे ढकलू नका. आज शुक्रवार... आणि इथे कुजायचं ते कुजत नव्हतं, तिथे थांबायचं ते थांबत नव्हतं, आणि तो दोन्हींच्या मध्ये हातात बटण घेऊन उभा. लवकर व्हावं म्हणून त्याने रोज बादलीभर पाणी ओतलं, शेजाऱ्यांकडची सालं मागून आणली, सुका पाला मात्र वेचून आणायचा कंटाळा केला... ड्रमाला थोपटून लाडीगोडीही लावून झाली. ज्या जिभेने अर्ध्या शहराला गुंडाळलं — एका बंगल्यात मीटरमागे अजगर झोपला होता म्हणून मी आकडा अंदाजे टाकला, हे साहेबांनासुद्धा पटवलं — ती जीभ या सालांपुढे चालेना. सालांना थाप कळत नाही. त्यांना नुसता वेळ कळतो.

कात्रीने त्याने चिंध्या कापून टाकल्या, बटणं धुतली. सात. मग रोपवाटिकेत जाऊन तयार खताची पिशवी घेतली, परसात ताटात ओतली, बटणं मिसळली, वर अंड्याचं थोडं कवच चुरलं. छान दिसत होतं. काळं, भुसभुशीत, पावडरीसारखं.

"घे! झालं!" ताट खाटेवर ठेवत तो म्हणाला.

"एकोणीस दिवसांत?"

"अगं, ती उष्णता! काल अंडं खुपसून ठेवलं तर दहा मिनिटांत उकडलं, हे बघ कवच. आणि गांडुळं? मी पाण्याची नळी समजून एकाला नळाला लावायला निघालो होतो. त्याने वळून पाहिलं म्हणून कळलं."

ती हसली नाही. लहानपणापासून त्याची प्रत्येक थाप तिने जागच्या जागी पकडली होती, आणि खरं तर पकडली जावी म्हणूनच तो मारायचा. आज पकडू नकोस... एवढी एक सोड, ताई. तिने खतात बोटं घातली. एक बटण निघालं. दुसरं. प्रत्येक बटणासरशी तिचा चेहरा उतरत गेला. खत झाल्याचा आनंद कुठे होता त्यात? पाचव्या बटणाला तिची बोटं थांबली, जणू पुढची दोन सापडू नयेत... आणि त्याला उमगलं. खत होवो न होवो, तिला जायचंच नव्हतं. 'खत झालं की जाते' — त्याच्या सगळ्या आयुष्यातल्या थापांपेक्षा मोठी थाप ही हाडकुळी बाई एकोणीस दिवस बिनबोभाट मारत आली होती, आणि त्या थापेसाठी तो मूर्खासारखा सळया तापवत बसला होता.

"ताई, सोमवारी मग..."

तिने पाचवं बटण उजेडात धरलं. डोळे बारीक केले. भोकांतल्या दोऱ्यावर नख घासलं, ओढून पाहिलं. मग तिचा चेहरा असा मोकळा झाला की त्याला तो बघवेना.

"बाळ्या, हा दोरा मी ओवलाय. सुती आहे, कापडापेक्षा बारीक. कापड कुजलं आणि हा राहिला?" ती हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. "थाप! सपशेल थाप!"

तेवढाच एक शब्द त्याच्याही जिभेवर तिच्यासाठी तयार होता. तो त्याने गिळला. ताटाची कड धरून तो उभाच राहिला, आणि ती हसत होती तोवर त्याने तिला हसू दिलं.