चुलवाणातला आवाज

सयाजीनं काहिलीत उकळणाऱ्या पाकाचा थेंब पळीनं काढला, गार पाण्याच्या परातीत टाकला आणि दोन बोटांनी त्याची गोळी वळायला घेतली. गोळी वळेना. बोटं थरथरत होती आणि थेंब पाण्यात नुसता पळत होता, पोरांच्या हातातून सुटणाऱ्या मासोळीसारखा. त्यानं मान वर करून काहिलीच्या वाफेपलीकडं पाहिलं.

पलीकडं काहिलीखालच्या चुलवाणाच्या खड्ड्यातून त्याची बायको राहीबाई दोन पायऱ्या वर आली होती. जाळायला उसाच्या वाळल्या चिपाडाचा भारा ओढायला आल्यासारखी. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उतरवा!" सयाजी म्हणाला.

गडी कोंडीबानं आणि त्याच्या जोडीदारानं कड्यांत दांडा घातला, काहील ओढली, आणि पाक गार व्हायला वाफ्यात पसरला. पिवळाधमक. गुऱ्हाळाचे मालक आदगोंडा पाटलांनी वाकून काठावरचा पापुद्रा उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"हात हाय गड्या तुझ्यात अजून," ते म्हणाले. "उगाच लोक कायबाय सांगत व्हते."

सयाजीनं तो हात पाठीमागं नेला.

लोक कायबाय सांगत होते ते खोटं नव्हतं. दोन वर्षांमागं, दुष्काळाच्या आदल्या साली, कराडच्या बाजूला एका गुऱ्हाळावर सयाजीनं पेटत्या चुलवाणात चार घागरी पाणी ओतलं होतं. चुलवाणातून त्याला हाका येत होत्या. आत कोण जळतंय ते तो पुढं कुणाला सांगू शकला नाही, पण विझवायला तोच धावला, एवढं सगळ्यांनी पाहिलं. चुलवाण तडकलं, रस नासला, आणि उंब्रजपासून पाटणपर्यंत ज्या गुळव्याला लोक आगाऊ सांगून ठेवत त्याला कुणी दारात उभं करेना. मग मिरजेचा डॉक्टर झाला. गोळ्या झाल्या. हाका गेल्या. हाकांबरोबर बोटांतलं शहाणपणही गेलं. आता कुठल्याही थेंबाला हात लावला तरी मधे कापूस असल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. बायकोच्या गालाला लावला तरी, हे तो म्हणायचा नाही.

राहीबाईनं सोळा वर्षं त्याच्या काहिलीखाली जाळ घातला होता. खालून काहील दिसत नाही, नुसती ऐकू येते. रस आधी नव्या सुनेसारखा कुजबुजतो, मग सासूसारखा बडबडतो, आणि पाक व्हायला आला की तोंडात घास असलेल्या म्हाताऱ्यासारखा जड, अडखळत बोलतो. तिथं उतरवायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिला येतं हे कुणी विचारलंही नव्हतं. जाळ घालणाऱ्या बाईला कोण विचारतो? शिवाय गुऱ्हाळाचा रिवाज असा, की काहील उतरते ती गुळव्याच्या शब्दानं. मालकाच्या नाही, देवाच्याही नाही. गुळव्या चुकला तर त्यानं आपल्याच तोंडानं चुकायचं.

म्हणून हे पदराचं काढलं. तिनं तोंड पुसलं की त्यानं शब्द द्यायचा. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा सयाजीनं आपल्या बोटांकडं पाहिलं होतं.

"म्हंजे गुळव्या तू," तो म्हणाला.

"मी कशाला? माझं नुसतं तोंड काळं हुतंय, पुसाय नगं?"

तो हसला नव्हता. पण हो म्हणाला होता. पाटलांचा नेहमीचा गुळव्या आजारानं गावाकडं गेला होता, आणि पाटील म्हणाले होते, पाच दिवस बघतो. पाचही दिवस गूळ बरा निघाला तर शिमग्यापर्यंत राहा, नवरा-बायको दोघंही. नाहीतर तिची ऊसतोड आणि घरी ओसरीला टेकून बसलेला तो. दिवसभर. गेली दोन वर्षं होता तसा.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं त्याला गोळी दिली आणि नेहमीचा पाढा म्हणवून घेतला. डॉक्टरनं सांगितलेली गोष्ट एकच होती, पण ती बिनचूक पाठ व्हावी म्हणून तिनं तिचा पाढा केला होता.

"ज्याचं तोंड दिसत न्हाई..."

"त्याचं ऐकायचं न्हाई."

"वळखीचा आवाज आला तर?"

"तरी न्हाई."

"माझ्या आवाजात बोलला तर?"

"तरी बी न्हाई."

"शाब्बास. गिळा आता."

हे शेवटचं कलम डॉक्टरचं नव्हतं, तिनं स्वतः घातलं होतं. गोळ्यांच्या आधी एकदा तिच्या आवाजात आलेल्या हाकेनंच त्याला विहिरीपर्यंत नेलं होतं.

त्या दिवशी चिपाड ओलं निघालं. आदल्या दिवशी गंजीवर कुणी तरी ताडपत्री ओढायचं विसरलं होतं आणि पहाटेचं दव थेट आत मुरलं होतं. ओलं चिपाड धुमसतं, पेटत नाही. राहीबाई मूठमूठ सारत होती, फुंकत होती, काठीनं हलवत होती. हात काढला की जाळ बसायचा. डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती आणि वर रसाच्या घाण्याचं इंजन धडधडत होतं.

दुपारी काहिलीचा आवाज जड होत आला.

ती उठली तसा जाळ बसला. ती परत बसली. आत्ता जाळ बसला तर पाक अर्धाच राहील. गेली तरी पंचाईत, न गेली तरी. तिनं एक भारा आत रेटला, तेवढ्यात आवाज अडखळला, आणि वर जायला सवड नव्हती म्हणून तिनं खालूनच हाक दिली.

"आवं! आलं!"

वरून काही नाही. खड्ड्यातून तिला त्याची पावलं तेवढी दिसत होती, काहिलीच्या काठाशी, विटेवर. पावलांची बोटं आत वळली होती.

"आवं, उतरवा! आलं की!"

बोटं आणखी आत वळली. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. आता ते तोंडाशी आलं, आणि तिनं ते घेतलंही. "सयाजी!" मोठ्यानं, एखाद्या गड्याला हाक मारावी तसं.

तेव्हा ती पावलं एक वीतभर मागं सरली.

मग वास आला. राहीबाईनं काठी टाकली, पायऱ्यांवर गुडघा फुटला, ती तशीच वर आली. सयाजी डोळे घट्ट मिटून उभा होता. कोंडीबा दांडा धरून त्याच्या तोंडाकडं बघत होता. सयाजीचे ओठ हलत होते, पण शब्द निघत नव्हता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यानं डोळे उघडले, तिचं काळं तोंड पाहिलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"उतरवा!" तो ओरडला.

वाफ्यात डांबरासारखं काही तरी पसरलं.

आदगोंडा पाटलांनी वाफ्याकडं पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून परत घातली. "माझा राग न्हाई गड्या," ते म्हणाले. "पर जमायचं न्हाई. तूच बघ की." आणि राहीबाईकडं न बघता म्हणाले, "जेवून जावा. आमच्या घरात दिस मावळायच्या आत पानं पडत्यात. उपाशी जाऊ नगा."

कोंडीबा पुढं आला. "वैनी, तुमी तर खालनं मगाधरनं—"

"भावजी," राहीबाई म्हणाली, "चिपाड ओलं हाय. सांच्याला झाकून ठेवा."

कोंडीबानं तिच्याकडं पाहिलं, सयाजीकडं पाहिलं, आणि तो दांडा धुवायला गेला.

सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागायला अवकाश होता. दोघं बाकावर बसली. बोचकं मधे होतं. सयाजीचा चेहरा ती चोरून बघत होती. त्यावर काही तरी होतं, दोन वर्षांत न पाहिलेलं. पहिल्यांदा तिला ते ओळखूच आलं नाही.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "रागावू नगंस."

"सांगा."

"आज आला व्हता."

"कोन?"

"त्योच. चुलवाणातनं. हुबेहूब तुझा आवाज. आवं, आलं, म्हनला. पुन्यांदा म्हनला." तो तिच्याकडं झुकला. "मग मला नावानं हाक मारली त्यानं. तितं घावला. म्हनलं, माझी बायकू मला नावानं हाक मारंल व्हय?"

राहीबाईनं बोचक्याची गाठ सोडली आणि परत बांधली.

"म्या न्हाईच ऐकलं," सयाजी म्हणाला. "गूळ गेला. गेला तर गेला. पर ऐकलं न्हाई. पयल्यांदाच." त्याची बोटं गुडघ्यावर थरथरत होती, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. "डॉक्टरला सांगशील न्हवं? म्हंजे बरा हुतोय मी."

समोर एक गाडी मागं येत होती आणि कंडक्टर घंटी मारत होता. राहीबाईनं सयाजीच्या खांद्यावर पडलेली राख झटकली. ती पहिल्या फटक्यात निघाली नाही.

"ब्येस केलंत," ती म्हणाली. "सांगीन की."

गाडीत गर्दी होती. त्याला पुढं खिडकीजवळ जागा मिळाली, तिला दोन बाकं मागं. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. गोळ्यांनी त्याचं तोंड सारखं सुकतं हे तिला ठाऊक होतं. ओठ चाटताना त्याची मान हलायची ती मागून दिसायची. तिनं बाटली काढली.

"आवं," तिनं हाक दिली. "पानी पिता का?"

त्याची मान ताठ झाली. तो वळला नाही. खिडकीच्या काचेत तिला त्याचे ओठ हलताना दिसले.

शेजारची बाई म्हणाली, "ऐकू येत न्हाई वाटतं त्यास्नी."

"येतंय," राहीबाई म्हणाली.

ती उठली. गाडी हिसके देत होती. वरचा दांडा धरत, लोकांच्या पायांवर पाय देत, माफी मागत ती पुढं गेली, त्याच्या बाकाला वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली, आणि पदर मागं सारून आधी त्याला तोंड दाखवलं.