सूचीचा शेवटचा भाग

दादाच्या संग्रहात गोल नाणं एकही नव्हतं. गोल नाणी कुणाच्याही खिशात लोळतात, असं त्याचं मत. मलायाचे सेंट, सिलोनचे पाच सेंट, मोरोक्को-स्पेनवर राज्य केलेल्या अल्मोहाद खलिफांचे कागदासारखे पातळ चांदीचे दिरहम, अशी जगभरची चौकोनी नाणी त्याने जमवली आणि त्यांची सूची करायला घरातच एक विदुषी ठेवली. विदुषी म्हणजे धाकटी बहीण. तिला दोन वेळचं जेवण, मागची खोली आणि प्रस्तावनेच्या अखेरीस ऋणनिर्देश एवढं मिळे. मुखपृष्ठावर नाव दादाचं. नाणेसंग्राहकांच्या मंडळात तो कुटुंबवत्सल म्हणून ओळखला जाई. मंडळांची दृष्टी नेहमी अशीच सूक्ष्म असते.

सूची संपली की ती जाणार, असं ठरलं होतं. पण ती शेवटच्या भागाशी आली की एखादं नवं नाणं हजर होई. "हे एवढं घाल, मग तू मोकळी," दादा म्हणे. वर्षानुवर्षं ती अशी मोकळी होत होती.

या खेपेला मात्र परगावच्या वस्तुसंग्रहालयाने तिला नाणेविभाग देऊ केला होता. आज रुजू झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. बॅग दाराशी होती, टॅक्सी खाली उभी होती.

"वन्सं, भिंग घेतलंत का?" वहिनीने विचारलं.

"काल दादाने मागून घेतलं. त्याच्या कपाटात असेल."

"मग काढा पटकन. किल्ली आज कपाटालाच आहे, आणि तुमचा भाऊ अंघोळीला गेलाय. दिवसभर चौकोनी, चौकोनी म्हणतो, आणि पोट बघा!"

हसत हसत तिने कपाट उघडलं. भिंगामागे पाकिटं रचलेली होती. फोडून पुन्हा चिकटवलेली, टपालाचे शिक्के जुनाट. तिची पुढची कित्येक वर्षं तिथे ओळीने वाट पाहत होती.

हाताला लागलं ते पाकीट तिने फोडलं. आत दिरहम होता. अल्मोहादांच्या दिरहमांवर साल नसतं, पुष्कळदा गावही नसतं. याच्यावर गाव होतं. त्या गावी टांकसाळ असावी, असं तिने प्रबंधात मांडलं होतं, आणि परीक्षकांनी भरसभेत हसून ते प्रकरण 'कल्पनाविलास' म्हणून गाळायला लावलं होतं. पाकिटावरचा शिक्का त्या परीक्षेच्या आदल्या वर्षाचा होता.

दादा टॉवेलने कान पुसत आला. कपाट उघडं पाहून तो दचकला नाही.

"हे तुझ्याकडे होतं," ती म्हणाली. "मी तिथे रडवेली उभी होते, आणि तू मागच्या रांगेत बसला होतास."

"होतो ना. मुद्दाम रजा काढून आलो होतो."

"मग दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं असतं तर तू इथे थांबली असतीस?" त्याने हे इतक्या निरागसपणे विचारलं, की क्षणभर चूक तिचीच वाटावी.

"हे मी घेऊन जातेय."

"ने की, बाळ. पण एकटं नाणं पाहून ते बनावटच म्हणणार. त्याच हंड्यात सापडलेली बाकीची या पाकिटांत आहेत. ती शेजारी ठेवून ठसे जुळवलेस, तर कुणाची टाप आहे हसायची? फक्त ती या घराबाहेर जाणार नाहीत."

तो खरं बोलत होता. तिचं शास्त्र त्याला पुरेपूर कळत होतं. अडाणी असता तर ती केव्हाच सुटली असती.

खालून हॉर्न वाजला. "वन्सं, पाय उचला!" वहिनी जिन्यावरून ओरडली. "नाणी गेली खड्ड्यात!"

"आले. नुसतं वजन करते," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

दुसऱ्या पाकिटातल्या नाण्यावर ठसा तोच होता; अक्षराच्या टोकाशी तीच बारीक चीर. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचा तिला इतका संताप आला की तिसरं पाकीट तिने उघडलं नाही, टराटरा फाडलं.

खाली टॅक्सी निघून गेली. दादाने खिडकी लावून घेतली. वाऱ्याने पाकिटं उडाली असती.