परतीच्या बोलीवर रेडिओ

जंगलनाक्यावर नाकेदार मुखरूने रेडिओ उचलून पालथा केला, तसे नूर मोहम्मदने दोन्ही हात खाली धरले.

"हळू, साहेब. आत काचेचे व्हॉल्व्ह हायेत."

"मले व्हॉल्व्हशी काय करायचं? पेटी कशाची हाये?"

"सागाची."

"मंग अडलं."

नूर मोहम्मद चांद्याला रेडिओ दुरुस्त करी, सुटे भाग जमवून नवे संचही बांधी. हा त्याने लेकीसाठी बांधला होता. पोस्टाचं लायसन, नागपूरच्या दुकानाच्या पावत्या, सगळं कोटाच्या आतल्या खिशात घालून स्वारी ऐटीत सिरोंच्यापर्यंत आली होती. आणि अडली कशावर, तर खोक्यावर! तेव्हा नदीपल्याड हैदराबाद राज्य लागे. इकडचं सागवान, मग तो ओंडका असो की रेडिओची पेटी, जंगलखात्याच्या परवान्याशिवाय नदी ओलांडू शकत नसे.

"घरी वापराची वस्तू हाये. विकून नाई राह्यलो."

"पल्याड गेल्यावर तुमी ठेवली का विकली, मले कसं समजन? परवा एकजण पोरीच्या लग्नाचे म्हणून दहा पलंग घेऊन आला. एका पोरीले दहा पलंग! तुमी कोणाले नेता?"

"लेकीले. जरीनाले."

लग्न होऊन दोन ईदा उलटल्या, जरीना माहेरी आली नव्हती. जाच म्हणावा तर तसाही नव्हता. सासरा गोड माणूस. नूर मोहम्मद न्यायला गेला की पोटभर जेवू घाली, हातावर पान ठेवी आणि "अगले महिने भेज देते" म्हणे. मुलीच्या बापाने यापुढे काय बोलावं? रेडिओवर नागपूर लागलं तर तेवढंच माहेर तिच्या कानी पडेल, म्हणून हा सारा खटाटोप.

मुखरूने पेटी सरळ करून ठेवली.

"एक रस्ता हाये," तो जरा नरमाईने म्हणाला. "परतीच्या बोलीवर सोडता येते. सहा महिन्यांत पेटी याच नाक्यावर परत आणून दाखवाची. नाई आली तं दंड. पण तुमी तं कायमची देऊन राह्यले. तुमच्या कामाचं नाई ते."

नूर मोहम्मद पेटीच्या पॉलिशवरून हात फिरवत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. व्याही कापडाचा व्यापारी, कंट्रोलचे, कापडावरच्या परवान्यांचे दिवस काढलेला माणूस. सरकारी शिक्का दिसला की टोपी सावरून उभा राही.

"सहा महिने जास्त होतात, साहेब. तीन करा."

"काऊन? लोक तं मुदत वाढवून मागतात."

"आन् पेटी परत कोण आणन, ते लिहा लागते का?"

"कोणीबी आणो."

"नाई. नाव लिहा. जरीना, नूर मोहम्मदची लेक. स्वतः आणून दाखवन."

मुखरूने दौतीत बुडवलेला टाक तसाच धरून त्याच्याकडे निरखून पाहिलं. सांगितलं तसं लिहिलं, शिक्का मारला, कागद पुढे केला. मग काय वाटलं कोण जाणे, तो परत ओढून घेतला आणि मधोमध आणखी एक ठसठशीत शिक्का उमटवला.

"हा कशाचा?" नूर मोहम्मदने विचारलं.

"कशाचाच नाई," मुखरू म्हणाला. "व्याह्याले दाखवा."